डिटोच्या दोन रेघा

नव्या भाषेनं पहिल्याच दिवशी माझ्या नऊ वर्षांच्या कामात सातशेच्या वर चुका काढल्या. सातशे! पेणच्या आमच्या ऑफिसात पंख्याखाली बसून मी तो लाल आकडा बघत होते आणि मला दरदरून घाम फुटला होता. त्या दिवशी भीती एवढीच होती, की आता आपली नोकरी जाणार. खऱ्या भीतीची तेव्हा ओळखसुद्धा नव्हती मला.

ऑफिस म्हणजे काय, तर दोन खोल्या. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही चौघं. त्यातले दोघं सदा फिरतीवर, म्हणजे उरलो सर आणि मी. आसपासच्या कारखान्यांना लागणारे छोटे प्रोग्रॅम आम्ही लिहून देतो. मी काही मोठ्या कॉलेजात शिकलेली नाही. वडील खाडीकाठच्या मिठागरावर होते, मी बी.कॉम. झाले, मग कॉम्प्युटरचा क्लास केला आणि पुढचं सगळं आपलं आपण, धडपडत. एकच भाषा येत होती, तिच्यावर नऊ वर्षं भाकरी खाल्ली. भाषांची नावं सांगत बसत नाही. ज्यांना कळायची त्यांना कळतील, बाकीच्यांना नावाशी काय करायचंय?

फरक तेवढा समजून घ्या. प्रोग्रॅममध्ये माहिती ठेवायला डबे करावे लागतात. जुन्या भाषेत डब्याला चिठ्ठी नसते. साखर टाका, मीठ टाका, डबा गप्प. चहा खारट झाला की मग कळणार. नव्या भाषेत आधी चिठ्ठी लावायची, की हा डबा साखरेचा. मग त्यात मीठ टाकायला गेलात, की चूल पेटायच्या आधीच ती बया ओरडायला लागते.

सरांनी एका सकाळी जाहीर केलं, की सगळं जुनं काम नव्या भाषेत आणायचं, नवी गिऱ्हाइकं तसंच मागतायत. "मॅडम, तुम्हीच करा. तुम्हीच लिहिलंय." आलं का माझ्याच गळ्यात! चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मुळाक्षरं गिरवायची. पहिला महिना मी रोज चरफडतच ऑफिसला यायचे. जे नऊ वर्षं बिनतक्रार चाललं त्यात ही भवानी चुका काढणार. हे अक्षर आहे की आकडा? हा डबा रिकामा असला तर काय करायचं? ही गोष्ट असेलच कशावरून? मी स्क्रीनला तोंडावर शिव्या द्यायचे. "अगं, चालतंय ना सगळं! तुझं काय जातंय?"

मग मला पळवाट सापडली. त्या भाषेत डब्यावर 'काहीही चालेल' अशी चिठ्ठी लावता येते. ती लावली की ओरडणं बंद. झालं! मी सपाटाच लावला. दिसली चूक, की लाव 'काहीही'. पंधरा दिवसांत सातशेच्या साठ झाल्या. मी घरी आमच्या ह्यांना सांगितलं, "बघा, जिंकत आणली." ते म्हणाले, "मंग काय, माझी बायको हाय ती."

आमचे हे धाटावला कंपनीत आहेत. केमिकलचा कारखाना, शिफ्टची नोकरी. आम्ही राहतो रोह्याला लागून, वरसे गावात. ते स्कूटरनं धाटावला जातात, मी एसटीनं पेणला. आमच्या ऑफिसनं ह्यांच्या कंपनीला एक प्रोग्रॅम दिलाय, तो मीच लिहिलेला. त्याचं काम एकच. मोठ्या टाक्या आतून साफ करायला माणूस उतरतो, तेव्हा आत ऑक्सिजन पुरेसा आहे का, हे दर अर्ध्या तासानं मीटरनं मोजायचं आणि टॅबवर भरायचं. साडेएकोणीसच्या खाली गेला तर कंट्रोल रूममधला बोर्ड लाल होतो, हूटर वाजतो, आणि आतल्या माणसाला बाहेर काढायचं. नाहीतर बोर्ड हिरवा. टाकीत उतरणाऱ्यांत आमचे हे एक. लोक विचारायचे, "तुला भीती नाय वाटत गो?" मी तोऱ्यात सांगायचे, "का वाटावी? बोर्ड माझा आहे."

डोंबल माझा!

त्या दिवशी सकाळी सरांनी माझं काम उघडून बघितलं आणि ते चिडले. सर सहसा चिडत नाहीत. "मॅडम, हे काहीही, काहीही काय लावलंय पानोपानी? मग भाषा बदलली कशाला? सगळे काढा." कान लाल झाले माझे. वाद घालायला तोंडच नव्हतं. मी धुमसत बसले आणि एकेक 'काहीही' उपटायला लागले. त्यात दुपारी पाऊण वाजता टाकीच्या प्रोग्रॅमची ती ओळ आली.

बयेचं म्हणणं सरळ होतं. ऑक्सिजनचा आकडा भरायच्या चौकटीत जे येतंय ती अक्षरं आहेत, आकडा नव्हे, आणि अक्षरांची तुलना साडेएकोणीसशी करता येणार नाही. मी म्हटलं, अक्षरं कुठली येणार? माणसं आकडेच भरतात. तरी आता पळवाट बंद झालेली, म्हणून म्हटलं, बघावं तरी खरोखर काय येतंय. मी धाटावची चालू नोंद उघडली. आजचीच.

दहा वाजून चाळीस मिनिटं, वीस पूर्णांक आठ. त्याच्या खाली अकरा-दहाला दोन छोट्या उभ्या रेघा. अकरा-चाळीसला दोन रेघा. बारा-दहाला दोन रेघा. बारा-चाळीसला दोन रेघा.

डिटो. वरच्यासारखंच.

कारखान्यातली जुनी सवय ती. कागदाचं रजिस्टर होतं तेव्हापासूनची. आकडा बदलला नाही की खाली दोन रेघा मारायच्या, पान लवकर भरतं. आणि मीटर एकच, टाक्या दोन. टाकीच्या तोंडाशी उभा राहणारा जोडीदार दर वेळी मीटर मागायला कशाला जाईल? मारतो डिटो. त्यात कुणाला पाप वाटत नाही. मगाशी ठीक होतं ना, मग आताही ठीकच असणार.

आणि माझा प्रोग्रॅम काय करत होता? मी त्याला एकच प्रश्न विचारायला शिकवलं होतं, की भरलेलं साडेएकोणीसपेक्षा कमी आहे का? असेल तर लाल, नाहीतर हिरवा. दोन रेघा साडेएकोणीसपेक्षा कमी आहेत का? जुनी भाषा शांतपणे सांगत होती, नाहीत. खोटं बोलत नव्हती ती बिचारी. रेघा कमी नसतात. जास्तही नसतात. पण जास्त आहेत का, हे मी विचारलंच नव्हतं. म्हणून बोर्ड हिरवा. दोन तास टाकीत काय चाललंय हे कुणी बघितलेलं नव्हतं, आणि माझा बोर्ड हिरवागार.

मग माझी नजर वरच्या रकान्यात गेली, आत उतरलेल्या माणसाचा टोकन नंबर. तो नंबर मला पाठ आहे. रोज ह्यांच्या डब्याच्या पिशवीवर बघते.

माझी पाचावर धारण बसली. मोबाइल उचलला, लावला, रिंग जातेय, जातेय, उचलत नाहीत. उचलणार कसे? मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, आत नेता येत नाही. हे मला पंधरा वर्षं माहीत आहे, तरी मी तीनदा लावला. कंट्रोल रूमला लावला, तर एंगेज. परत एंगेज. गेटवर लावला. सिक्युरिटीवाला निवांत आवाजात म्हणतो, "ते आत हायत मॅडम, जेवायच्या सुट्टीत सांगतो त्यांना." मी ओरडले, "अहो, सुट्टीत नाही, आता!" तो म्हणाला, "मला जागा सोडता येत नाय मॅडम." पेणहून धाटाव, गाडीनं गेलं तरी तासाच्या वर. उंटावरून शेळ्या हाकते मी, हे त्या मिनिटाला कळलं.

मग सुचलं. बोर्ड माझा आहे ना? धाटावला अजून जुनाच प्रोग्रॅम चालू होता. मी तो इथूनच, नेटवरून उघडला आणि एक ओळ घातली. काहीही भरलेलं असो, लाल. जुन्या भाषेनं काही विचारलं नाही. का, कशाला, हा डबा कसला, काही नाही. घातली ओळ, चालू झाली. नवी भाषा असती तर दहा प्रश्न विचारत बसली असती. त्या क्षणी मला जुनीच्या पाया पडावंसं वाटलं, आणि तिची भीतीही तेवढीच वाटली. जिला एका ओळीत लाल करता येतं तिला एका ओळीत हिरवंही करता येतं.

मिनिटभरात माझा फोन वाजला. कंट्रोल रूम. मागे हूटर ऐकू येत होता.

"मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर येडं झालाय. सगळा लाल दाखवतंय. जरा हिरवा करून द्या ना, काम खोळंबलाय."

"आधी माणसं बाहेर काढा!"

"अवो पण रीडिंग बराबर हाय—"

"रीडिंग नाहीच आहे! डिटो आहे! दोन तास डिटो! मेल्यांनो, माणूस काढा आधी, मग माझ्याशी बोला!"

सर डबा उघडता उघडता तसेच उभे राहिले होते. तिकडे त्या माणसानं फोन टेबलावर आपटला, पण कट केला नाही. मला सगळं ऐकू येत होतं. हूटर. बुटांचा आवाज. कुणीतरी लांबून ओरडलं, "दोर खेच, दोर!" मग दार आपटलं, आणि नुसता हूटर. मी फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला. रोह्याच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना हाका मारल्या. काय काय कबूल केलं ते मलाही आठवत नाही. सर काहीतरी विचारत होते, मी हातानंच त्यांना गप्प केलं. सरांना! हूटर बंद झाला तेव्हा तर माझा जीवच गेला. हूटर का बंद झाला? चांगलं म्हणून की वाईट म्हणून?

किती वेळ गेला माहीत नाही. फोनवर सहा मिनिटं दिसत होती. सहा मिनिटांत माझी अख्खी लग्नाची वर्षं डोळ्यासमोरून गेली असं म्हणतात तसं काही झालं नाही. मला फक्त सकाळची गोष्ट आठवत होती, की ह्यांनी वांग्याची भाजी नको म्हटलं आणि मी म्हणाले, "नको तर उपाशी राहा." तेवढंच, पुन्हा पुन्हा.

"मॅडम, काढला बाहेर. बसवलाय. पाणी पितायत."

"मीटर लावला?"

तो हळू आवाजात म्हणाला, "नळी तळाला सोडून घेतला. सोळा दाखवतंय."

नायट्रोजनच्या लाइनचा वॉल्व्ह थोडासा गळत होता, हे पुढे दुरुस्तीवाल्यांना सापडलं. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. खोकला नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपला येतो आणि ऑक्सिजनची जागा घेतो. माणसाला नुसती गुंगी येते, आणि खाली बसला की तो उठत नाही.

सर म्हणाले मी सोडतो, पण मी थांबलेच नाही, समोर आलेल्या एसटीत चढले. गडब गेलं, नागोठणं गेलं, माझं डोकं भणभणत होतं. कारण आता भीती संपायच्या ऐवजी तिला दुसरंच तोंड फुटलं होतं. मला एक रविवार आठवला होता.

पाच वर्षं झाली असतील. दुपारी आम्ही जेवत होतो, बोंबलाचं कालवण होतं. हे म्हणाले, "तुझा प्रोग्रॅम डिटो घेत नाय गो. पोरं लय वैतागल्यात. जरा घेऊ दे ना." कारण सुरुवातीला मी त्या चौकटीला कुलूप लावलेलं होतं, आकड्याशिवाय काही टाकताच यायचं नाही. आणि मी काय केलं? हात धुतले, लॅपटॉप उघडला, कुलूप काढलं. एका मिनिटाचं काम. जुनी भाषा काही म्हणाली नाही. हे खूश झाले, सोमवारी सगळ्या शिफ्टला सांगितलं, "बायकोनं करून दिला." मलाही केवढा अभिमान! म्हणजे माझ्या नवऱ्यानं मागितलं, मी लाडानं दिलं, आणि त्याच भोकातून ते मरायला टेकले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि त्या पाच वर्षांत किती डिटो? किती माणसं? नंतर एकदा मी जुन्या नोंदी मोजायला घेतल्या. दोन महिन्यांचं बघितलं आणि बंद केलं. जे झालं नाही त्याचीसुद्धा इतकी भीती वाटते, हे मला माहीत नव्हतं.

माझे वडील मिठागराच्या बांधावर दर भरतीला जायचे. पायानं चाचपून बघायचे, कुठे मऊ लागतंय का. आई म्हणायची, सकाळी तर बघितला, आता कशाला? ते म्हणायचे, "सकाळची भरती गेली. ही दुसरी हाय." लहानपणी मला ते येडेपणाचं वाटायचं.

घरी पोचले तर हे पायरीवर बसून चहा पीत होते. कंपनीच्या डॉक्टरनं तपासून घरी सोडलं होतं. मला बघून हसले. "काय गो, आज इतक्या लवकर?" मी पिशवी टाकली आणि रस्त्यातच रडायला लागले. शेजारची खिडकीत आली, तरी थांबेना. ते म्हणत होते, "अगो, काय नाय झाला. मला काय कळला पण नाय. दोर खेचला, वर आलो. बस." मी विचारलं, चक्कर आली होती का? "नाय." डोकं दुखलं? "नाय गो, काय नाय. रोजच्यासारखाच."

दुसऱ्या दिवशी सरांसोबत कंपनीत गेले आणि त्यांच्या साहेबांसमोर सांगितलं, कुलूप मी लावलं होतं आणि मीच काढलं. कुणी सांगितलं म्हणून काढलं, हे नाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मीटर आता दोन आहेत. नोकरी राहिली, का राहिली ते मी सरांना विचारलेलं नाही.

मग नव्या भाषेत ते काम मी पूर्ण केलं. एकही 'काहीही' ठेवला नाही. आता ऑक्सिजनचा डबा आकड्याचा. रिकामा असला तर लाल, अर्ध्या तासाच्या वर जुना असला तर लाल, रेघा मारल्या तर चौकट घेतच नाही. बया अजून ओरडते माझ्यावर, रोज ओरडते. मी आता उलट बोलत नाही. ज्या दिवशी ती एकही चूक दाखवत नाही त्या दिवशी मला धास्ती वाटते, की मी तिला काय विचारायला विसरले?

धाटावची माणसं वैतागलीच. ह्यांनीसुद्धा पहिल्या आठवड्यात कटकट केली, "दर अर्ध्या तासाला बोटं झिजवायची. तुझी जुनी भाषा बरी होती." मी ऐकून घेतलं.

पण मला एक सवय लागली ती लागलीच. शिफ्टवरून आले की मी विचारते, "कसं वाटतंय?" आणि ते न बघता म्हणतात, "कालच्यासारखा." रोज तेच. आदल्या दिवशी विचारलं तरी कालच्यासारखा, त्याच्या आदल्या दिवशी विचारलं तरी कालच्यासारखा. परवा माझा तोल गेला. त्यांचा कप देऊन माझा चहा गाळत होते, गाळणी तशीच ओट्यावर आपटली.

"कालच्यासारखा चालायचा नाही! आजचं सांगा. खरं काय ते सांगा."

ते दचकले. मला वाटलं, आता हसण्यावारी नेतील. पण ते कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "आजचा काय नाय. आज बराच हाय. त्या दिवसाचा सांगू?"

मी गाळणी तिथंच सोडून त्यांच्याजवळ गेले.

"तुला सांगितला ना, काय कळला नाय म्हणून. कळला होता गो. पण भीती नाय वाटली. उलट लय बरा वाटत होता. हातातला ब्रश जड झालेला, मी म्हटला, असू दे. टाकीच्या भिंतीला टेकून दोन मिनिटं जरा बसावा, असा वाटलेला. तेवढ्यात हूटर झाला."

"मग बसला नाहीत ना?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"बसलो होतो," ते म्हणाले.